एकटी निघालेली बाई आणि वाटेवरच्या बायका



पाठीवर भलीमोठी पिशवी, पायात जाड बूट, हातात काठी आणि सोबत कोणीच नाही, अशी परदेशी बाई तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. वेरूळ-अजिंठ्याच्या रस्त्याला, एखाद्या एसटीत, नाहीतर मोबाईलवरच्या व्हिडिओत. गटाच्या बैठकीत असा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. हिच्या घरचे हिला सोडतात कसे? नवऱ्याने टाकलंय का? रात्री झोपते कुठे? काही बरंवाईट झालं तर? आणि सगळ्यात शेवटी, जरा हळू आवाजात विचारलेला प्रश्न: आपल्याला जमेल का गं असं?

आज याच प्रश्नांची उत्तरं शोधू. हवेत बोलण्यापेक्षा एक खरी वाट समोर ठेवू. देश नेपाळ, डोंगर अन्नपूर्णेचे, आणि गावं तानसेन, पोखरा, घोडेपानी, घान्द्रुक. जगभरातल्या बायका इथे एकट्या चालायला येतात, आपल्या देशातल्याही येतात. आम्ही सहयोगिनींनी मिळून या वाटेची माहिती गोळा केली. शिवाय आमच्या तालुक्यातल्या एक निवृत्त शिक्षिका वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तिथे एकट्या जाऊन आल्या आहेत. त्यांच्याकडे दोन-तीनदा जाऊन बसलो. त्यांना आम्ही सगळ्या ‘बाई’च म्हणतो, म्हणून इथेही तेच म्हणू.

नेपाळ आपल्याला नवा नाही

पशुपतिनाथाला आणि मुक्तिनाथाला आपल्याकडून यात्रेच्या गाड्या जातात. बुद्धांच्या जन्मस्थानी, लुंबिनीला, आपल्यातल्या कितीतरी जणी जाऊन आल्या आहेत. कोणाच्या देवघरात शाळिग्राम असेल, तर तो काळा दगडही मूळचा नेपाळातल्या काली गंडकी नदीच्या पात्रातला. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या, शंखासारखं कवच असलेल्या जिवांचे ते दगड झालेले अवशेष आहेत. म्हणजे आज जिथे जगातले सर्वांत उंच डोंगर उभे आहेत, तिथे एके काळी समुद्र होता.

पण यात्रेत आपण चाळीस-पन्नास जण असतो. आचारी बरोबर, खोल्या ठरलेल्या, शिट्टी वाजली की गाडीत बसायचं. एकटीच्या प्रवासात हे सगळं तिचं तिने बघायचं. कुठे उतरायचं, कुठे जेवायचं, पुढच्या गावाला निघायचं की आज थांबायचं, हे ठरवणारी तीच. बाई म्हणतात, “यात्रेत मी देव पाहिले. एकटी गेले तेव्हा माणसं पाहिली.”

आधी कागद, मग पिशवी

भारतीय माणसाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा करार झाला, तेव्हापासून दोन्हीकडची माणसं मोकळेपणाने ये-जा करतात. पण ओळख दाखवावी लागते, आणि इथे नीट लक्ष द्या. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदान ओळखपत्र, या दोनपैकी एक हवं. आपल्याकडे सगळीकडे आधार चालतं, म्हणून बायका आधार घेऊन निघतात. नेपाळसाठी १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना आधार किंवा तसं दुसरं फोटोचं ओळखपत्र चालतं, मधल्या वयाच्यांना नाही.

आता सांगा, तुमचं मतदान ओळखपत्र आत्ता कुठे आहे? तुमच्या पेटीत, की घरातल्या पुरुषांच्या कपाटात? लग्नानंतर नाव बदललं, तर कार्डावर कोणतं नाव आहे? प्रवासाची पहिली पायरी डोंगरात नाही, इथे या पेटीत आहे.

महाराष्ट्रातून जायला सोपा मार्ग गोरखपूरचा. मुंबईहून नाशिक, भुसावळ करत कुशीनगर एक्सप्रेस थेट गोरखपूरला जाते. तिथून सुमारे १०० किलोमीटरवर सोनौली. एक कमान ओलांडली की नेपाळ. घड्याळ तेवढं पाव तास पुढे करायचं.

पैशाचा हिशेब सोपा आहे. एक भारतीय रुपया म्हणजे एक रुपया साठ पैसे नेपाळी, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. म्हणजे तिथले १,००० रुपये हे आपले ६२५. आपल्या १०० रुपयांपर्यंतच्या नोटा तिथे सहज चालतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी बँकेत विचारून घ्यायचं. डोंगरात गावोगावी एटीएम नाही, तेव्हा पोखऱ्यातच पैसे काढून घ्यायचे आणि दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवायचे. थोडे पाकिटात, थोडे आतल्या खिशात, थोडे कपड्यांच्या घडीत.

आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. युरोपातून आलेल्या बाईला तिथली पाटी वाचता येत नाही. आपल्याला येते, कारण नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात. बसवरचं गावाचं नाव, दुकानाची पाटी, दर, सगळं वाचता येतं, आणि हिंदी बहुतेकांना कळते. सही शिकलेली, अक्षर लावून वाचणारी आपली गटातली बाई तिथे एखाद्या इंग्रजी शिकलेल्या परदेशी पाहुणीपेक्षा पुढे असते.

वाट कशी आहे

सोनौलीहून पोखऱ्याला जाणाऱ्या जुन्या डोंगरी रस्त्यावर तानसेन हे गाव लागतं. उतारावर वसलेलं, दगडी फरसबंद चढाच्या गल्ल्यांचं जुनं बाजारपेठेचं गाव. इथलं ढाका कापड नावाजलेलं आहे. नक्षीचं हे कापड मागावर विणतात, आणि विणकरांत बायका पुष्कळ आहेत. नेपाळी पुरुषांची रंगीत टोपी याच कापडाची. एकटी निघालेली बाई अशा छोट्या गावात मुद्दाम एक-दोन दिवस थांबते. नवी भाषा कानावर पडते, खोली कशी बघायची, भाव कसा करायचा, याचा सराव होतो. मोठ्या डोंगराआधीची ही छोटी शाळाच.

पुढे पोखरा, मोठ्या तळ्याकाठचं शहर. तिथून आकाश मोकळं असलं की माछापुच्छ्रे दिसतो. माशाच्या शेपटीसारखं त्याचं टोक, ६,९९३ मीटर उंच. हा डोंगर तिथले लोक पवित्र मानतात, त्याच्या शिखरावर चढायला परवानगी नाही.

पोखऱ्याहून सुमारे ४० किलोमीटरवर नयापूल. इथून चार-पाच दिवसांची वाट सुरू होते. पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेक बायका हीच निवडतात. उल्लेरी गावाचा चढ म्हणजे दगडाच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या. त्यानंतर घोडेपानी. खेचरांचे तांडे जिथे पाण्याला थांबायचे ते ठिकाण, म्हणून हे नाव. तिथे मुक्काम करून पहाटे अंधारात बॅटरी घेऊन पून हिलवर चढायचं. उंची ३,२१० मीटर. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट. सूर्य वर आला की अन्नपूर्णा आणि धौलागिरी एका ओळीत उजळतात. मार्च-एप्रिलमध्ये गेलं तर आजूबाजूचं रान लालीगुरांसच्या लाल फुलांनी भरलेलं असतं. हे नेपाळचं राष्ट्रीय फूल. तिथून ताडापानीमार्गे घान्द्रुकला उतरायचं.

पायऱ्या ऐकून घाबरू नका. रोज दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढणारी, मोळी वाहणारी बाई या वाटेला कमी पडायची नाही. बाईंनी निघण्याआधी तीन महिने रोज पहाटे गावाजवळच्या टेकडीवर, पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन, चढ-उताराचा सराव केला. उतरताना गुडघ्याला काठीचा आधार हवा, एवढंच त्या बजावून सांगतात.

पिशवीत काय असावं? दोन जोड कपडे, एक गरम जाकीट, पावसाचा कोट, कानटोपी, मोजे, बॅटरी, नेहमीची औषधं, पाण्याची बाटली, पाळी येत असेल तर पुरेसे पॅड किंवा कापड, आणि एक छोटं कुलूप. पिशवीचं वजन सात-आठ किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही. लागेल-लागेल म्हणून भरलेलं सामान तिसऱ्या चढाला शत्रू वाटतं. बूट मात्र नवे कोरे घालून निघायचं नाही. आधी महिनाभर वापरून पायाच्या सवयीचे करायचे, नाहीतर फोड येतात.

रात्री झोपते कुठे?

या वाटेवर दर एक-दोन तासांवर एखादं गाव किंवा घर लागतं. तिथे राहायची सोय असते, तिला टी हाऊस किंवा लॉज म्हणतात. लहान खोली, लाकडी भिंत, खाट, जाड पांघरूण. खाली एक मोठी खोली, मध्ये शेगडी, तिच्याभोवती सगळे प्रवासी बसतात. जेवण म्हणजे दाल-भात, भाजी आणि लोणचं. भात-डाळ पुन्हा वाढतात. रीत अशी की जिथे झोपायचं तिथेच जेवायचं, कारण खोलीचं भाडं कमी असतं आणि घर चालतं ते जेवणावर. काय खाल्लं ते वहीत लिहितात आणि सकाळी निघताना हिशेब होतो. उंचावर गेलं की दर वाढतात. त्यात लुबाडणूक नसते. तेल, तांदूळ, गॅसची टाकी खेचराच्या किंवा माणसाच्या पाठीवरून आलेली असते.

अशी बरीच घरं बायका चालवतात. चुलीपाशी बाई, वहीपाशी बाई. मोठ्या बहिणीला तिथे ‘दिदी’ म्हणतात, धाकटीला ‘बहिनी’, आईला ‘आमा’. ‘दिदी, कोठा कति?’ म्हणजे ‘ताई, खोली कितीला?’ एवढं बोललं तरी समोरचा चेहरा बदलतो.

एकटीने फिरणाऱ्या बायकांचे काही नियम ठरलेले असतात. बाईंनी ते पाळले आणि आम्हाला सांगितले:

दुपारी तीनच्या आत मुक्काम गाठायचा. डोंगरात अंधार लवकर पडतो आणि दुपारनंतर ढग येतात.

ज्या घरात चुलीपाशी बाई दिसेल तिथे खोली मागायची. पैसे ठरवण्याआधी खोलीची कडी आतून लागते का ते बघायचं.

सकाळी निघताना मालकिणीला पुढच्या मुक्कामाचं गाव सांगायचं. घरी रोज ठरलेल्या वेळी एक फोन किंवा निरोप. उद्या फोन लागणार नसेल तर तेही आजच सांगायचं.

वाटेत कोणी फार खोदून विचारलं, तर ‘माझी माणसं पुढे गेलीत’ असं सांगायचं.

खेचरांचा तांडा समोरून आला की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीही नाही.

पोलिसांचा १०० आणि पर्यटक पोलिसांचा ११४४, हे दोन नंबर कागदावर लिहून जवळ ठेवायचे. मोबाईल बंद पडला तरी कागद बंद पडत नाही.

ही वाट जपली कोणी?

मैत्रिणींनो, आता मुद्द्याचं. घान्द्रुक हे गुरुंग लोकांचं गाव, साधारण २,००० मीटर उंचीवर. गुरुंग पुरुष पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश आणि भारतीय फौजेत नोकरीला जात आले. मागे गाव सांभाळायच्या बायका. त्यांचे ‘आमा समूह’ असतात, म्हणजे आयांचे गट. फौजेतला कोणी सुट्टीवर घरी आला किंवा गावात पाहुणा आला, की या बायका गाणी म्हणून, नाचून त्याचं स्वागत करत आणि त्याने खुशीने दिलेले पैसे एकत्र जमा करत. त्या पैशातून काय केलं? पायवाटा दुरुस्त केल्या, गावातली कामं केली. कितीतरी ठिकाणी गावातली दारू आणि जुगार यांच्यावर बंदी घातली.

ओळखीचं वाटतं ना? आपली नोंदवही, आपली मासिक बचत, आपला ठराव, त्याचीच ही डोंगरातली बहीण.

१९८६ साली अन्नपूर्णा संवर्धन प्रकल्प सुरू झाला, आणि त्याची सुरुवात घान्द्रुकमधूनच झाली. जंगल वाचवायचं म्हणून लोकांना तिथून हलवलं नाही. लोक तिथेच राहिले आणि जंगल, वाट, पाणी त्यांनीच सांभाळायचं असं ठरलं. आज हे संवर्धन क्षेत्र ७,६२९ चौरस किलोमीटरचं आहे, आपल्या पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ निम्मं. आत येणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला प्रवेश शुल्क भरावं लागतं. भारतासारख्या सार्क देशांतल्यांना ते १,००० नेपाळी रुपये आहे, इतरांना ३,०००. हा पैसा त्याच भागाच्या संवर्धनाला आणि गावांच्या कामाला लागतो. या प्रकल्पाने आमा समूहांना हाताशी धरलं. साफसफाई, झाडं लावणं, वाटांची डागडुजी ही कामं त्यांनी केली. प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच पडू नये म्हणून अन्नपूर्णेच्या मोठ्या फेरीच्या वाटेवर शुद्ध पाण्याची केंद्रं काढली, तीही अनेक ठिकाणी महिला समूहांनी चालवली. आपली बाटली पुढे करायची, पाणी भरून घ्यायचं, पैसे समूहाला.

म्हणजे बघा. आपल्याला लांबून दिसते ती एकटी बाई. पण तिच्या पायाखालची फरशी कोणीतरी बसवलेली असते. तिची बाटली कोणीतरी भरलेली असते. संध्याकाळी तिच्यासाठी कोणीतरी भात टाकलेला असतो. ती न पोहोचली तर ‘अजून आली कशी नाही’ म्हणून वाटेकडे बघणारं कोणीतरी असतं. बाईंना आम्ही विचारलं, “एकटं वाटलं नाही का?” त्या म्हणाल्या, “अगं, मी एकटी निघाले होते, एकटी होते कुठे?”

वाट दाखवणाऱ्या बायका

एके काळी या डोंगरात वाटाड्या आणि हमाल म्हणजे पुरुषच. एकट्या आलेल्या बायकांना काही वेळा त्यांचा वाईट अनुभव येई. पोखऱ्यात लकी, डिकी आणि निकी छेत्री या तीन बहिणी प्रवाशांसाठी घर चालवत होत्या. अशा तक्रारी त्यांच्या कानावर यायच्या. त्यांनी १९९४ साली बायकांसाठी बायकाच गाईड, असं काम सुरू केलं. ‘थ्री सिस्टर्स’ या नावाने ते ओळखलं जातं. पुढे १९९९ साली त्यांनी संस्था काढली आणि खेड्यांतल्या मुलींना शिकवायला लागल्या: इंग्रजी बोलणं, प्रथमोपचार, डोंगराची माहिती, पाहुण्यांशी वागणं. मुलींना डोंगरात पाठवायचं म्हटल्यावर लोकांनी नावं ठेवलीच. पण पगार हातात यायला लागला आणि मुली स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

१ एप्रिल २०२३ पासून नेपाळच्या पर्यटन मंडळाने नियम केला आहे की परदेशी माणसाने डोंगरातल्या राखीव क्षेत्रांत परवाना असलेला गाईड घेऊनच चालावं. लोक वाट चुकतात, शोधायला खर्च होतो, आणि गावच्या माणसांना रोजगार मिळावा, ही कारणं दिली गेली. या नियमावर मतं दोन आहेत. वर्षानुवर्षं एकटं चालणाऱ्यांना तो जाच वाटतो. पण पहिल्यांदा जाणाऱ्या बाईला तो सोयीचाच आहे. पोखऱ्यात नोंदणी असलेल्या संस्थेत जायचं, ‘मला बाई गाईड हवी’ असं स्पष्ट सांगायचं, रोजाचा दर लिहून घ्यायचा. गाव, गाडी, बाजार आपलं आपण करायचं आणि डोंगरात एक बहिनी सोबतीला. यात कमीपणा काही नाही.

धोका नाही असं नाही

खोटं सांगून तुम्हाला पाठवायचं नाही. पहिला धोका उंचीचा. २,५०० मीटरच्या वर हवा विरळ होते. डोकं दुखणं, मळमळ, झोप न येणं ही लक्षणं. ती दिसली तर आणखी वर जायचं नाही. वाढली तर लगेच खाली उतरायचं, मग रात्र असो की बुकिंग असो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यायची, हा साधा हिशेब.

हे यात्रेला जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवा. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे आणि पोखरा ८०० मीटरच्या आसपास. जीपने एका दिवसात वर गेलं की धडधाकट माणूसही आजारी पडतं. वाटेत जोमसोमला, साधारण २,७०० मीटरवर, एक रात्र थांबलं तर शरीराला सवय होते. गाडीवाला घाई करत असेल तर आपण मिळून सांगायचं, की आज इथेच मुक्काम.

दुसरा धोका हवामानाचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये आपल्या विशाखापट्टणमला हुदहुद वादळ धडकलं. दोन दिवसांनी त्याच वादळाचा उरलेला जोर नेपाळात बर्फ होऊन कोसळला. अन्नपूर्णेच्या मोठ्या फेरीतल्या ५,४१६ मीटर उंच थोरोंग खिंडीत आणि आसपास चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यात स्थानिक वाटाडे आणि हमालही होते. ऑक्टोबर हा तिथला चांगला महिना मानतात, तरी असं झालं. म्हणून मालकीण म्हणाली ‘आज निघू नका’, तर निघायचं नाही. पावसाळ्यात तर जाऊच नये, दरडी कोसळतात आणि जळवा लागतात.

तिसरा धोका माणसांचा. तो आपल्या गावात आहे, तसा तिथेही आहे. चांगली माणसं जास्त भेटतात, पण म्हणून कडी लावायची विसरायची नाही.

तिथल्या बायकांचं काय?

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे बोलणं पुरं होणार नाही. जगभरच्या बायका नेपाळात मोकळ्या फिरतात. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये नेपाळातच एक प्रस्ताव पुढे आला: आखाती आणि आफ्रिकी देशांत पहिल्यांदा जाणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या बाईने घरच्यांची संमती आणि वॉर्ड कार्यालयाचं पत्र आणावं. बायकांची फसवणूक आणि विक्री होते, ती थांबावी म्हणून, असं कारण दिलं गेलं. काळजी खरी होती, कारण अशी फसवणूक होते. पण उपाय काय काढला? फसवणाऱ्याला धरायचं सोडून बाईलाच पत्र आणायला सांगितलं. काठमांडूत बायका रस्त्यावर उतरल्या, मोर्चा निघाला आणि तो प्रस्ताव मागे पडला.

आपल्यालाही हे ओळखीचं आहे. ‘तुझ्या काळजीपोटी सांगतोय’ असं म्हणून किती जणींचं तालुक्याला जाणं थांबलं असेल. काळजी असावीच. पण काळजीचं काम रस्ता नीट करणं, दिवा लावणं, गाडी वेळेवर सोडणं, त्रास देणाऱ्याला आवरणं हे आहे. बाईला घरात ठेवलं की यातलं एकही काम होत नाही.

मग आपल्याला जमेल का?

प्रत्येकीने नेपाळला जावं असं आमचं म्हणणं नाही. कोणाला गुडघे आहेत, कोणाला लहान लेकरं, कोणाला आवडच नाही. पण बाईंकडून एक गोष्ट आम्ही समजून घेतली. त्यांचं धाडस एका रात्रीत आलेलं नव्हतं. नोकरीत असताना प्रशिक्षणाला एकट्या जिल्ह्याला जाणं, मग पुण्याला लेकीकडे रात्रीच्या गाडीने एकट्या जाणं, मग वारीत दिंडीबरोबर चालणं, मग यात्रेच्या गाडीतून नेपाळ, आणि मग एकट्या. प्रत्येक वेळी एकच पायरी. घरच्यांचीही सवय तशीच वाढली. पहिल्यांदा मुलाने दिवसातून पाच फोन केले. नेपाळला गेल्यावर तो म्हणाला, “संध्याकाळी सातला एक फोन कर, बास.”

पैशाचंही तेच. त्यांनी तीन वर्षं दर महिन्याला वेगळी रक्कम बाजूला टाकली आणि त्या पासबुकाला नाव दिलं ‘माझे पाय’. आपण गटात शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, लग्नासाठी बचत करतो. स्वतःच्या पायांसाठी वेगळी काढलेली बचत आमच्या पाहण्यात तरी ती पहिलीच.

पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा आणि या प्रश्नांवर बोला. उत्तरं नोंदवहीत लिहा.

आपल्यापैकी किती जणींचं मतदान ओळखपत्र स्वतःच्या हातात आहे आणि त्यावरचं नाव बरोबर आहे?

घरातले दोन फोन नंबर किती जणींना पाठ आहेत?

तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावाला एकटी जाऊन आलेली कोण? ज्या गेल्या नाहीत त्यांची पहिली फेरी कोणती, आणि कधी?

आणि शेवटचा प्रश्न, घान्द्रुकच्या आमांकडून घेतलेला. उद्या दिवेलागणीला आपल्या फाट्यावर एक अनोळखी बाई पाठीवर पिशवी घेऊन उतरली, तर तिला उजेड दिसेल का? प्यायला पाणी, जायला स्वच्छ शौचालय, आणि आतून कडी लागणारी एक खोली आपल्या गावात आहे का? तिने कोणाचं दार वाजवायचं? यातलं जे नसेल ते आपल्या ग्रामसंघाच्या पुढच्या ठरावात घाला. ते त्या पाहुणीला लागेल न लागेल, शिकवणीहून उशिरा परतणाऱ्या आपल्याच पोरींना मात्र रोज लागतं.

तुमच्या गटातली पहिली फेरी कोणी केली, कुठे केली, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात त्या अनुभवांवरच बोलू. तोवर नमस्कार.